बटाट्याचं कूळ

चिखलीहून बुलढाण्याकडे निघालं की गाव यायच्या आधी येळगावचं धरण लागतं. पाणी पैनगंगेचं. पुढे विदर्भ आणि मराठवाड्याची शीव आखत वर्धेला जाऊन मिळणारी ही नदी इथे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, अजून अंगाने लहानच आहे. तिचा उगम अमुक ठिकाणी, असं आपण सांगतो खरं. पण कुठल्याही नदीच्या उगमापाशी उभं राहून वर पाहिलं तर त्याच्याही वरून चार नाले उतरताना दिसतात, आणि त्या नाल्यांच्या वर नुसता उतार असतो, ज्याच्यावर पाऊस पडतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं सांगून गेलेल्या पूर्वजांना अध्यात्म किती कळत होतं ते ठाऊक नाही. पाणलोट मात्र चांगला कळत होता.

हे सगळं आठवलं ते बटाट्यामुळे. बटाटा, म्हणजे आमच्या वऱ्हाडात आलू, हे काही चिखलीचं पीक नव्हे. इथल्या बाजारात तो आग्र्याकडून येतो, इंदूरकडून येतो, भाव खाली-वर करतो आणि प्रत्येक घरात जातो. त्याचं कूळ आपण कधी विचारलं नाही. उपासालासुद्धा नाही. धर्मशास्त्राने एकादशीला धान्य वर्ज्य केलं. पण जे त्या शास्त्रकारांना ठाऊकच नव्हतं ते ते वर्ज्य करणार कसं? त्या फटीतून बटाटा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची, रताळं अशी अमेरिका खंडातली सारी मंडळी आपल्या पवित्र ताटात येऊन बसली. ही गंमत आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यात गंमत उरलेली नाही. मला त्याहून पुढचा प्रश्न पडतो. अमेरिकेतून आला म्हणजे नेमका कुठून आला? आणि ते ज्यांनी शोधलं त्यांना शेवटी काय सापडलं?

शोधणाऱ्यांपुढे दोन घरं होती. एक, पेरू-बोलिव्हियातले अँडीज पर्वताचे उंच पठारी भाग. दुसरं, तिथून खूप दक्षिणेला चिलीचा किनारा आणि चिलोए बेट. दोन्हीकडे बटाटा पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. फरक दिवसाच्या लांबीचा. अँडीजमधली ही शेतं विषुववृत्ताच्या जवळ, तिथे दिवस वर्षभर जवळपास बारा तासांचा, आणि तिथल्या झाडाला लहान दिवस मिळाला तरच ते जमिनीत कंद धरतं. चिलीत उन्हाळ्याचा दिवस लांबलचक, आणि तिथला बटाटा त्या दिवसाला सरावलेला. युरोपातही उन्हाळ्याचे दिवस लांब. म्हणून १९२९ साली युझेपचुक आणि बुकासोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगितलं की युरोपचा बटाटा चिलीचाच असला पाहिजे. अँडीजचा तिथे कंद धरेपर्यंत हिम पडेल. इंग्लंडचे रेडक्लिफ सॅलमन आणि जॅक हॉक्स हे मानायला तयार नव्हते. जुनी वर्णनं आणि जुने वाळवलेले नमुने अँडीजच्या बटाट्यासारखे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. आधी आला तो अँडीजचाच, तो हळूहळू लांब दिवसाला सरावला. पुढे १८४५ नंतरच्या करप्याच्या साथीने, ज्या साथीने आयर्लंड उद्ध्वस्त केलं, तो बुडाला आणि मग चिलीचं रक्त आलं.

या भांडणात साक्षीदार म्हणून भारताला बोलावलं गेलं. आपल्याकडचे जुने वाण, म्हणजे फुलवा, गोला, दार्जिलिंग रेड राउंड ही मंडळी, कधी आली याची कागदावर धड नोंद नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज वकील सर टॉमस रोच्या पदरी असलेल्या एडवर्ड टेरीने आसफखानाच्या मेजवानीत बटाटे वाढल्याचं लिहून ठेवलं आहे. पण त्या काळचा इंग्रज रताळ्यालाही तेच नाव द्यायचा, तेव्हा ती साक्ष पातळच. झाडांची साक्ष मात्र भक्कम वाटत होती. हे वाण युरोपीय वाणांपेक्षा वेगळे दिसत. फुलव्याला तर सपाटीच्या मुलखातही फुलं येत, नावच त्यावरून पडलेलं. शिवाय आपल्याकडे बटाटा रब्बीत लावतात, लहान दिवसांत. अँडीजहून निघून युरोपमार्गे इकडे आलेल्या बटाट्याला इथे बदलण्याची गरजच काय होती? तो जसाच्या तसा जपला गेला असणार. युरोपात जो नष्ट झाला त्याचा शेवटचा वंशज बिहारच्या शेतात सापडावा, ही कल्पना कुणालाही भुरळ घालणारीच होती.

ती मांडणाऱ्यांत एक नाव असं आहे की ते वाचून आपण थबकावं. एम. एस. स्वामिनाथन. हरितक्रांतीचा गहू त्यांच्या आयुष्यात यायच्या आधी त्यांचं पीक बटाटा होतं. केंब्रिजला १९५२ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली ती बटाट्याच्या कुळातल्या गुणसूत्रांवर काम करून; मग विस्कॉन्सिन विद्यापीठात पुन्हा बटाटाच. १९५८ साली त्यांनी भारतीय वाणांच्या आधाराने युरोपच्या आद्य बटाट्याच्या उगमावर निबंध लिहिला. भारतीय वाण हे त्या पहिल्या, अँडीजहून आलेल्या बटाट्याचे अवशेष आहेत, अशी ती मांडणी. जवळजवळ अर्धं शतक ती टिकली.

२००५ साली ती कोसळली. ज्यांनी पाडली त्यांत डेव्हिड स्पूनर होते, तेही विस्कॉन्सिनच्याच मॅडिसन इथले, आणि त्यांच्याबरोबर सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे पी. एस. नाईक. त्यांनी भारतीय वाणांचा डीएनए वाचला. त्यातला एक पुरावा समजायला अगदी सोपा आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकाला स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि बटाट्यात तो फक्त आईकडून येतो. परागाचा त्यात वाटा नाही. चिलीच्या बहुतेक बटाट्यांच्या या डीएनएत एका ठिकाणी २४१ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. अँडीजच्या बटाट्यांत तो सहसा शाबूत असतो. म्हणजे मायकुळाची खूण आयती हाताशी. केंद्रकातल्या डीएनएच्या खुणा आणि ही खूण एकत्र ताडून पाहिली तेव्हा ज्यांना आपण अँडीजचे शेवटचे वंशज समजत होतो ते भारतीय वाण चिलीच्या बाजूचे निघाले.

मग रशियन खरे आणि इंग्रज खोटे? इथेच ही गोष्ट मला फार आवडते. कारण तीन वर्षांनी, २००८ साली, मर्सिडीज एम्स आणि स्पूनर यांनी संग्रहालयांत कागदावर चिकटवून ठेवलेली १७०० ते १९१० या काळातली बटाट्याची वाळकी झाडं काढली आणि त्यांच्या पानांच्या कपच्यांतून तीच २४१ अक्षरं शोधली. अठराव्या शतकातल्या युरोपात बहुतेक ठिकाणी अँडीजचाच बटाटा होता! चिलीचा तिथे १८११ च्या नमुन्यात दिसतो, म्हणजे करप्याच्या साथीच्या कितीतरी आधी. आणि अँडीजचा साथीनंतरही १८९२ पर्यंत तग धरून होता. पुढे २०१९ साली आणखी एका गटाने नव्या-जुन्या ८८ झाडांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. त्यांत बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेले नमुनेही होते. १६५० ते १७५० मधले युरोपीय बटाटे अँडीजच्या जवळचे, नंतर त्यांत चिलीची भर, आणि लांब दिवसाला सरावण्याचा जो ठाऊक असलेला जनुकीय बदल आहे तो युरोपात दिसतो एकोणिसाव्या शतकात, असं त्यांना आढळलं.

म्हणजे झालं असं की स्वामिनाथनांचा निकाल बरोबर होता आणि साक्षीदार चुकीचा. आद्य युरोपीय बटाटा अँडीजचाच. पण फुलवा आणि गोला हे त्याचे पुरावे नव्हेत. रशियनांचा तर्क निर्दोष होता आणि निष्कर्ष अपुरा. सॅलमन-हॉक्स यांनी क्रम बरोबर सांगितला, कारण चुकीचं दिलं. आपल्याकडे वादात कोण जिंकलं एवढंच विचारायची रीत आहे; इथे त्या प्रश्नाला उत्तरच नाही. स्वामिनाथनांना यात काही उणेपणा येतो असं मला वाटत नाही. त्यांच्या हाती होतं ते रूप, आणि रूपावरून त्यांनी अनुमान केलं. रूप हे मातीचं, दिवसाच्या लांबीचं, माणसाने कुठलं बेणं राखलं आणि कुठलं टाकलं याचंही देणं असतं. त्यावरून कूळ ठरवायची सवय आपल्या समाजात झाडांपुरती राहिली असती तर किती बरं झालं असतं.

बटाट्याच्या बाबतीत कूळ या कल्पनेतच एक घोटाळा आहे. आपण बटाटा बियांपासून लावत नाही. बेणं कापतो, प्रत्येक फोडीला डोळा राहील असं पाहतो आणि ती पुरतो. आलेलं झाड हे मुलगा नव्हे, तेच झाड. कुफरी ज्योती हा वाण १९६८ साली बाहेर पडला. आज चिखलीच्या बाजारात त्याचं पोतं सुटत असेल तर त्यातला एकेक बटाटा म्हणजे साठच्या दशकात सिमल्याजवळच्या कुफरीच्या डोंगरावर जन्मलेलं एकच झाड, फोडीफोडीने देशभर पसरलेलं. जन्म एकदाच, तोही फुलातून. संकर करायचा तर फूल हवं, फळ हवं, आणि थंड हवेत, लांब दिवसांत ती येतात कुफरीला. म्हणून तर सिमल्याच्या बटाटा संस्थेच्या वाणांची नावं कुफरीने सुरू होतात. जन्मगावाचं नाव आडनावासारखं लावण्याची ही पद्धत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

आता त्या एकेका जन्माच्या मागे जाऊ. स्पूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दुसरा एक मोठा निष्कर्ष काढला होता: माणसाळलेल्या बटाट्याचा उगम एकच, दक्षिण पेरूमध्ये, तिथल्या रानबटाट्यांच्या एका गटातून. वाचायला किती समाधान वाटतं. एक जागा, एक कूळ, नकाशावर एक ठिपका. पण पुढच्या अभ्यासांत दिसत गेलं की शेतातला बटाटा बांधापलीकडच्या रानबटाट्यांशी सतत लग्नं लावत आला आहे. तिथली शेतकरीण आपोआप उगवलेलं वेगळं झाड उपटून टाकत नाही, खाऊन पाहते, आवडलं तर राखते. ठिपक्याभोवती मग चहूकडून नाले येऊन मिळू लागतात.

आणि वरचा उतार? तो गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैअखेरीस दिसला. चीनमधल्या सानवेन हुआंग यांच्या गटाने लंडनच्या सँड्रा नॅप आदींसोबत शेतातल्या आणि रानातल्या बटाट्यांचे शेकडो जनुकसंच तपासून ‘सेल’ या नियतकालिकात लिहिलं की बटाट्याचा अख्खा वंशच एका संकरातून निघाला आहे. सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, टोमॅटोचा पूर्वज आणि इट्युबरोसम नावाच्या गटाचा पूर्वज यांच्यातून. आजचा टोमॅटो जमिनीत कंद धरत नाही. इट्युबरोसमचं झाड वरून हुबेहूब बटाट्यासारखं दिसतं, पण खाली कंद नाही. दोघांकडून एकेक जनुक आलं: टोमॅटोकडून कंद कधी धरायचा ते सांगणारं, दुसरीकडून जमिनीखालच्या फांद्यांची वाढ सांभाळणारं. एकट्याने कुणालाच जे जमलं नव्हतं ते एकत्र आल्यावर झालं. जवळजवळ शंभर वर्षांच्या वादातून, पानांच्या कपच्यांतून, अक्षरं मोजत मोजत माणूस मुळापाशी पोहोचला, आणि तिथे बटाटाच नव्हता. पूर्वजांची ती म्हण मी निराशेची समजत असे. आता वाटतं, ती नुसतं निरीक्षण नोंदवते.

चिखलीच्या शिवारात याहून वेगळं काही दिसत नाही. खरिपात सोयाबीनच्या चार-सहा तासांमागे एक तास तुरीचं. सोयाबीन चीनचं. तूर आपली, २९२ वाणांचे जनुकसंच तपासून २०१७ साली शास्त्रज्ञांनी तिचं माहेर मध्य प्रदेशात असावं असं दाखवलं, म्हणजे सातपुड्याच्या पलीकडेच. पलीकडच्या वावरात कापूस. आता सगळा अमेरिकन जातीचा, गावरानी जवळपास गेलाच. पण त्या अमेरिकन कापसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच आहेत: एक अमेरिकेतल्या रानकापसाचा, दुसरा जुन्या जगातल्या, आपल्या गावरानी कापसाच्या भाऊबंदांचा. समुद्र ओलांडून ते दोन संच एकत्र आले ते दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, अमेरिकेत माणूस नव्हता तेव्हा. देशी आणि परदेशी म्हणून आपण ज्यांची भांडणं लावली ते एकाच बोंडात राहतात.

इथवरची कथा ऐकायला बरी वाटते. मिसळ, देवाणघेवाण, सगळे सोयरे. पण डीएनए तपासणीचं हे एक तोंड झालं. चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यातल्या माणसाला विचारलं तर त्याला तिचं दुसरं तोंड ठाऊक असतं. इथे शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी यांचे सीड प्लॉट घेतात. कंपनी नर आणि मादीचं बियाणं देते. मिरची-टोमॅटोत मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि नराचा पराग लावायचा, हे काम बहुतेक बायका करतात, सकाळपासून, वाकून. नर कुठला, मादी कुठली, त्यांचे आईबाप कोण, हे शेतकऱ्याला सांगितलं जात नाही. त्याला असतो तो एक कोड नंबर. तयार बियाणं कंपनीकडे गेलं की शुद्धता तपासायची. पूर्वी नमुना पेरून, झाडं वाढवून पाहत, त्याला सीड प्लॉटवाले ‘जीओटी’ म्हणतात. आता जोडीला डीएनएच्या खुणाही पाहतात. अहवाल आला की पैसे. लॉट फेल गेला तर वर्षाची मेहनत अडकते, आणि तो का फेल गेला हे ज्या भाषेत लिहिलेलं असतं ती शेतकऱ्याला वाचता येत नाही. पेरूच्या डोंगरात जी तपासणी कुळाच्या सरमिसळीची गोष्ट सांगते, तीच इथे फक्त शुद्ध की अशुद्ध एवढंच विचारते.

बटाट्याच्या बाबतीत तर ती कोर्टातही गेली. एफसी-५ हा चिप्सचा वाण पेप्सिको कंपनीने २०१६ साली भारतात नोंदवला. गुजरातेतल्या काही शेतकऱ्यांनी तो परवानगीशिवाय लावला म्हणून कंपनीने दावे लावले, त्यांतल्या चौघांवर प्रत्येकी एक कोटीच्या वर. त्यांच्याकडचे नमुने मिळवून वाण तोच आहे हे प्रयोगशाळेत पडताळून घेतलं होतं. देशभर गवगवा झाला आणि २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते उचलून धरलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. कायद्याच्या बारकाव्यांत मी शिरत नाही. मला खुपतं ते एवढंच की ८० लाख वर्षांचा संकर, अँडीजमधल्या हजारो पिढ्यांची निवड आणि चिलीच्या किनाऱ्याची भर यांवर शेवटचा हात फिरवणारा मालक ठरतो, आणि आधीचे सगळे फक्त संदर्भसूचीत उरतात. पैदासकाराच्या श्रमाला मोल नको असं कोण म्हणेल? पण शेवटचा नाला म्हणजे नदी नव्हे.

याच तपासणीचा उपयोग उलट दिशेनेही होतो. लिमा इथलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून अँडीजचे वाण गोळा करून जपत आलं आहे. २००४ साली त्याने कुस्कोजवळच्या सहा क्वेचुआ गावांशी करार केला. तिथून गोळा केलेले आणि गावांत नाहीसे झालेले वाण, रोगमुक्त करून, ज्यांचे त्यांना परत. चारशेच्या आसपास वाण असे घरी गेले. कुठला वाण कुठल्या खोऱ्यातला हे सांगता आलं म्हणून परत देता आलं. कूळ शोधण्याचं एवढं सबळ कारण मला दुसरं सापडत नाही.

आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातही तशी एक खिडकी उघडी आहे. त्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचं बियाणं राखायचा, पुन्हा पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क देतं. अट एवढीच की नोंदणीकृत वाणाचं बियाणं ब्रँडचं म्हणून विकायचं नाही. आणि शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण त्याच्या किंवा त्याच्या गावाच्या नावाने नोंदवता येतो. त्या नोंदणीला शुल्क नाही. चिखली तालुक्यात ज्या घरात गावरान तूर, टाळकी ज्वारी, भरताचं वांगं किंवा गावरानी कापसाचं बी अजून राखेत घालून ठेवलेलं आहे, त्या घराने या खरिपाच्या आधी बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन अर्जाची माहिती घ्यावी. सोबत घरातल्या म्हाताऱ्या बाईला न्यावं. ते बी कुणाकडून आलं ते बहुधा तिलाच ठाऊक असतं.